समर्पण आधी की सेवा आधी? पंडिता रमाबाईंच्या आयुष्यातली आठ वर्षं



आजचा विषय तुमच्या समितीने ठरवून दिलेला आहे. 'ख्रिस्ती सेवेच्या पूर्वतयारीसाठी देवाला केलेलं आत्मसमर्पण'. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, प्रवचन कधी केलं नाही आणि आजही करणार नाही. मला या विषयाकडे इतिहासाच्या अंगाने बघायचं आहे. विषयाच्या शीर्षकातच एक क्रम गृहीत धरलेला आहे, तो मात्र आधी तपासून घेऊ. 'पूर्वतयारी' म्हटलं की समर्पण आधी आणि सेवा नंतर असा अर्थ होतो. माणसाने प्रथम स्वतःला देवाच्या स्वाधीन करावं आणि मग कामाला लागावं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडात ही शिकवण फार जोरात होती. १८७५ पासून केझिक या गावी दरवर्षी मेळावे भरू लागले, आणि 'पूर्ण समर्पण' हा शब्दप्रयोग मिशनरी मंडळींच्या तोंडी बसला तो बराचसा तिथून. आपल्याकडे आलेल्या अनेक मिशनऱ्यांनी तो बरोबर आणला.

आता आपल्याकडे बघा. नवविधा भक्तीची यादी तुम्हाला पाठ असेल. श्रवण, कीर्तन, स्मरण, पादसेवन, अर्चन, वंदन, दास्य, सख्य आणि शेवटी आत्मनिवेदन. भागवतात हीच यादी आहे आणि समर्थांनी दासबोधात एकेका भक्तीला एकेक समास दिला आहे. यात दास्य, म्हणजे सेवा, सातवी आहे, आणि आत्मनिवेदन, म्हणजे समर्पण, नववं. सेवा करता करता माणूस समर्पणापर्यंत पोहोचतो, असा हा क्रम झाला. केझिकच्या बरोबर उलटा. तर्कशास्त्राच्या तासाला मी विचारायचो तसं विचारतो. या दोन क्रमांपैकी कोणता खरा, हे व्याख्येवरून ठरवता येईल का? मला वाटतं नाही. ते एखाद्या माणसाच्या आयुष्यावरूनच बघायला लागतं. मी त्यासाठी पंडिता रमाबाई निवडल्या आहेत, कारण त्यांनी आपल्या आयुष्यातल्या या घटनेची नोंद स्वतः करून ठेवली आहे, आणि शिवाय त्यांचा वाद ज्यांच्याशी झाला त्यांची पत्रंही उपलब्ध आहेत. असं दुर्मिळ असतं.

त्यांचं पूर्वचरित्र बहुतेकांना माहीत आहे, म्हणून भरभर सांगतो. १८५८ चा जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं आणि त्यासाठी लोकांचा रोष पत्करला. सगळं कुटुंब पुराणं सांगत देशभर पायी हिंडलं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण, तिघंही गेली. उरलेले बहीणभाऊ चालत चालत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचले, आणि तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. भाऊ वारला. बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी लग्न झालं, मनोरमा झाली, आणि १८८२ मध्ये पटकीने नवरा गेला. त्याच वर्षी बाई पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे साक्ष दिली, आणि 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहून त्याच्या विक्रीच्या पैशातून इंग्लंडचं भाडं उभं केलं. डॉक्टर व्हायचं होतं. ऐकू कमी येत असल्यामुळे ते राहून गेलं.

इंग्लंडात त्या वाँटेज इथल्या सेंट मेरी संघाच्या भगिनींकडे उतरल्या. १८८३ च्या सप्टेंबरच्या २९ तारखेला तिथेच त्यांचा आणि मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. या बाप्तिस्म्याच्या आधी काय घडलं ते मला महत्त्वाचं वाटतं. त्या भगिनींचं लंडनजवळ फुलहॅमला एक निवासस्थान होतं, वाट चुकलेल्या म्हणून समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी. रमाबाईंनी ते पाहिलं. ज्या बायकांना आपल्याकडच्या शास्त्रांनी उभंही केलं नसतं, त्यांची इथे कुणीतरी मायेने काळजी घेतंय, हे पाहून त्या हादरल्या. मग त्यांनी विचारलं की हे कशामुळे, आणि त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचायला मिळाली. म्हणजे त्यांच्या बाबतीत धर्मांतराच्याही आधी सेवा आहे! दुसऱ्या कुणीतरी केलेली सेवा. बाकी, आपल्या नीळकंठशास्त्री गोऱ्ह्यांची पत्रंही त्यांना येत होती आणि त्यातल्या युक्तिवादाचाही परिणाम झाला. पण नुसत्या युक्तिवादाने हलणारी ती बाई नव्हती. युक्तिवाद त्या स्वतःच उत्तम करत.

आणि खरी गंमत बाप्तिस्म्यानंतर सुरू होते. रमाबाई चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकायला आणि संस्कृत शिकवायला गेल्या. प्राचार्या डोरोथिया बील या स्वतः मोठ्या विचारी बाई. इकडे वाँटेजला सिस्टर जेराल्डीन, रमाबाईंच्या धर्ममाता. रमाबाई त्यांना 'आजीबाई' म्हणत. या तिघींमधला पत्रव्यवहार पुढे अ. भि. शहा यांनी संपादित केला आणि १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्याच्या साहित्य-संस्कृती मंडळाने छापला. मूळ पत्रं जपून जुळवून ठेवली होती ती जेराल्डीनबाईंनीच, हे त्यांचं मोठेपण. कारण त्या पत्रांत त्यांचीच बाजू बऱ्याचदा पडते.

वाद कशावरून होते? काही अगदी बारीक वाटतील. गळ्यात घालायच्या क्रूसावर लॅटिन अक्षरं होती. रमाबाईंनी विचारलं, लॅटिनच का, आमची संस्कृत का नको? ती भाषा मला कळत नाही आणि माझ्या देशातल्या बायकांनाही कळत नाही. त्या शाकाहारी होत्या, अंडं घातलेला पदार्थही नको म्हणत. यात जेराल्डीनबाईंना जातीचा अभिमान दिसला. मग मोठे वाद. कॉलेजातून इंग्रज तरुणांना शिकवायची गोष्ट निघाली तेव्हा मुंबईच्या आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली: हिंदुस्थानात परत गेल्यावर पुरुषांना शिकवलेल्या बाईची पत राहणार नाही. रमाबाईंना संताप आला. मी कलकत्त्यापासून पुण्यापर्यंत पुरुषांच्या सभांपुढे बोलत आले, आणि माझ्या देशात माझी पत कशी राहील हे मला बिशप सांगणार? आणि शेवटी सिद्धांतांचे वाद. त्रैक्य, ख्रिस्ताचा कुमारीपोटी जन्म, चर्चचा अधिकार. त्या प्रत्येक ठिकाणी विचारत, हे बायबलात कुठे आहे ते दाखवा.

जेराल्डीनबाईंच्या मते हा सगळा अहंकार होता. त्यांना रमाबाईंकडून समर्पण हवं होतं आणि त्यांच्या परंपरेत समर्पण आणि आज्ञापालन या दोन गोष्टी जवळजवळ एकच होत्या. ही परंपरा जुनी आहे आणि हास्यास्पद मुळीच नाही. येशू संघाचा संस्थापक इग्नाशियस लोयोला याने आपल्या संघाच्या घटनेत आज्ञाधारकतेला मृतदेहाची उपमा दिली: उचलावा तिकडे जावा, ठेवावा तिथे राहावा. त्याचा सोबती फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्याला येऊन उतरला तो त्याच शिस्तीतून. जायचं होतं दुसऱ्याने, तो आजारी पडला, झेवियरला सांगितलं, झेवियर निघाला. या समर्पणात एक अफाट ताकद आहे हे कोण नाकारेल? पण रमाबाईंचं उत्तर साधारण असं होतं: एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मी मोठ्या कष्टाने मान सोडवून घेतली आहे, ती लगेच दुसऱ्या जोखडात देणार नाही. देवाचा आवाज ऐकायला मी तयार आहे, पण धर्माधिकाऱ्याचा प्रत्येक शब्द म्हणजे देवाचा आवाज नव्हे.

मित्रहो, आपण मराठीत 'वाहून घेणं' म्हणतो. फूल देवाला वाहतात, तसं स्वतःला वाहायचं. शब्द सुंदर आहे. पण वाहिलेलं फूल पुजाऱ्याच्या हाती जातं, हेही आपल्याला ठाऊक आहे. रमाबाईंचं भांडण या पुजाऱ्याशी होतं, मग तो त्र्यंबकेश्वरचा असो की ऑक्सफर्डचा.

१८८६ मध्ये त्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी अमेरिकेला गेल्या, तिथे 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' लिहिलं, बोस्टनमध्ये मदतमंडळ उभं केलं. मंडळाने दहा वर्षं खर्च चालवायचं कबूल केलं. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीला शारदा सदन उघडलं. उच्चवर्णीय विधवांची शाळा, आणि धर्माच्या बाबतीत तटस्थ. रानडे आणि भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार. पहिल्या मुलींमध्ये गोदूबाई होत्या, पुढे ज्या अण्णासाहेब कर्व्यांच्या पत्नी झाल्या, आपल्या बाया कर्वे. पुढच्या वर्षी सदन पुण्याला आलं. म्हणजे सेवा पूर्ण भरात होती. जप, तप, समर्पणाचा अनुभव, यांपैकी कशाचीही वाट न बघता बाई कामाला लागल्या होत्या आणि काम चोख चाललं होतं.

आणि नेमकी त्याच सुमारास, १८९१ च्या आसपास, ती घटना. बाप्तिस्म्याला आठ वर्षं झालेली. त्यांनी विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज धर्मगुरूचं आत्मचरित्र वाचलं. हा हॅस्लम विलक्षण माणूस. कॉर्नवॉलमधल्या बाल्धू गावचा धर्मगुरू, दीक्षा घेतलेला, चर्च बांधलेला, सगळे विधी काटेकोर करणारा. १८५१ साली एका रविवारी उपदेश करायला व्यासपीठावर चढला आणि बोलता बोलता त्याच्याच लक्षात आलं की आपण जे सांगतोय ते आपल्याला स्वतःला मिळालेलं नाही. उपदेश चालू असतानाच त्याचा पालट झाला, आणि समोरचा एकजण ओरडला की पाद्रीबाबांचाच पालट झाला! ही घटना त्या भागात पुढे वर्षानुवर्षं सांगितली जायची.

हे वाचून रमाबाईंना स्वतःचं निदान सापडलं. १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात, त्याचा आशय असा की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. चांगल्या शिकवणुकीची एक व्यवस्था मी पारखून, पटवून स्वीकारली होती. स्वतःला कुणाच्या हाती दिलं नव्हतं. मग त्यांनी ते दिलं, विनाअट, आणि त्यातून आलेल्या आनंदाचं वर्णन त्या फार साध्या शब्दांत करतात. आता यातली एक गोष्ट लक्षात घ्या. हॅस्लम मूळचा ज्या उच्च-चर्च पंथाचा होता आणि पालटानंतर ज्यातून बाहेर पडला, वाँटेजच्या भगिनी त्याच पंथाच्या. जेराल्डीनबाईंनी आठ वर्षं जे मागितलं ते रमाबाईंनी अखेर दिलं, पण ते जेराल्डीनबाईंच्या हाती नाही, त्यांच्या चर्चच्या मार्फतही नाही.

याचे परिणाम काय झाले ते बघू, कारण समर्पण झालं की नाही हे शेवटी परिणामांवरूनच कळणार. पहिला परिणाम म्हणजे भांडण. बाई पहाटे आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे, आणि सदनातल्या काही मुली येऊन बसू लागल्या. पुण्यात गदारोळ झाला. 'केसरी'ने झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांनी सल्लागारपद सोडलं, बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचं म्हणणं, मी कुणाला बोलावलं नाही आणि दारही लावणार नाही. हिंदू मुलीला तिच्या पूजेची मोकळीक आहे तशी मला माझ्या प्रार्थनेची आहे.

इथे मी क्षणभर थांबतो. रानडे आणि भांडारकर काही क्षुद्र माणसं नव्हती, आणि त्यांची तक्रार पोकळ नव्हती. तटस्थतेच्या शब्दावर विश्वास ठेवून लोकांनी आपल्या विधवा मुली, सुना पाठवल्या होत्या; त्यासाठी घरात, गल्लीत बोलणी खाल्ली होती. नियम मोडला नाही, हे रमाबाईंचं म्हणणं अक्षरशः खरं. पण १८८९ मध्ये शब्द देणारी बाई आणि १८९३ मधली बाई एक राहिली नव्हती, हेही खरं. स्वतःला विनाअट देऊन टाकणाऱ्या माणसाने आधी इतरांशी केलेल्या अटींचं काय करायचं? हा प्रश्न मला आजही सुटत नाही, आणि जे लोक समर्पणाची भाषा फार सहज वापरतात त्यांनी तो टाळू नये असं मला वाटतं.

दुसरा परिणाम पैशाच्या बाबतीत. बाईंनी ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरचं चरित्र वाचलं होतं. अनाथाश्रमासाठी कुणाकडे वर्गणी न मागता, फक्त देवाकडे मागून, त्याने हजारो मुलं वाढवली. चीनमधल्या हडसन टेलरच्या मिशनचं, न्यू हेब्रिडीजमधल्या जॉन पेटनचं, अशी पुस्तकं त्या वाचत आणि विचारत की हे हिंदुस्थानात का होऊ नये? बोस्टनच्या मंडळाची दहा वर्षं १८९८ मध्ये संपत होती. तर या बाईंनी काय करावं? प्रार्थना तर केलीच, शिवाय दौंडच्या अलीकडे केडगावला सुमारे शंभर एकर माळरान घेतलं, विहिरी खणल्या आणि फळझाडं लावली. वैष्णव आचार्यांत शरणागतीच्या दोन उपमा सांगतात. माकडाचं पिल्लू आईला घट्ट धरून राहतं. मांजराचं पिल्लू काहीच करत नाही, आई तोंडात धरून नेते. कोणती शरणागती खरी, यावर दक्षिणेत दोन पंथ पडले. रमाबाई प्रार्थनेच्या वेळी मांजराचं पिल्लू आणि विहीर खणताना माकडाचं, असं म्हणावंसं वाटतं. त्यांना त्यात विसंगती दिसत नव्हती.

१८९६-९७ चा दुष्काळ पडला. वीस वर्षांपूर्वी याच भुकेने त्यांचं सगळं घर खाल्लं होतं. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि भुकेल्या मुली, बायका गाडीत घालून आणू लागल्या. जात बघितली नाही. उच्चवर्णीय विधवांची चौकट तिथेच मोडली. पुण्यात प्लेग होता, तेव्हा मुलींना केडगावच्या माळावर नेलं, आणि त्यातून 'मुक्ती' उभी राहिली. १९०० पर्यंत तिथे दीड हजारांच्या आसपास माणसं होती. विणकाम, घाणा, शेती, दूधदुभतं, छापखाना, अंधांसाठी वर्ग. त्याच १८९७ सालात प्लेगच्या छावण्यांत बायकांची कशी हेळसांड होते याबद्दल त्यांनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये सरकारला फटकारणारं पत्र लिहिलं. त्याचा गवगवा विलायतेपर्यंत गेला आणि गव्हर्नर सँडहर्स्ट यांना खुलासा करावा लागला. ख्रिस्ती झालेली बाई आता सरकारधार्जिणी होणार, असं समजणाऱ्यांची पंचाईत झाली असेल. बिशप, 'केसरी', गव्हर्नर, सगळ्यांनाच ती अवघड जात होती. समर्पणाने माणूस नरम होतो असा आपला समज असतो. इथे तो ज्याला शरण गेला आहे तो एक सोडून बाकी कुणाला आवरेनासा झाला.

१९०५ मध्ये मुक्तीत जे मोठं धार्मिक जागरण झालं त्याविषयी भक्तिभावाने खूप लिहिलं गेलं आहे. शेकडो मुली रडल्या, प्रार्थना करत राहिल्या, पापांची कबुली दिली आणि मग खेडोपाडी सुवार्ता सांगायला निघाल्या. त्यातल्या कित्येकींचा अनुभव अस्सल असणार. पण ज्या मुलीला दुष्काळातून उचलून आणलं, जिच्या ताटातली भाकरी आणि अंगावरचं लुगडं याच संस्थेचं, तिला समर्पण नाकारण्याची मोकळीक कितपत असेल? रमाबाईंना स्वतःला ती मोकळीक होती. त्यांनी आठ वर्षं वाद घातला, शंका काढल्या, क्रूसावरच्या लॅटिनला हरकत घेतली. आणि त्या आठ वर्षांमुळेच त्यांच्या समर्पणाला वजन आलं असं माझं मत आहे. जे स्वतःचं झालेलं नाही ते देणार कसं? केडगावच्या मुलींना असा वाद घालायची आठ वर्षं मिळाली का, हे त्यांच्याच तोंडून ऐकायला मिळालं असतं तर बरं झालं असतं.

आता दुसरं एक मराठी उदाहरण थोडक्यात, नाहीतर तुम्ही म्हणाल प्राध्यापकांनी एकाच साक्षीदारावर खटला चालवला. रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९५ मध्ये मुंबईला बाप्तिस्मा, १९०४ मध्ये धर्मगुरुपदाची दीक्षा, अमेरिकन मराठी मिशनमध्ये दोन तपांजवळ नोकरी, 'ज्ञानोदय'चं संपादन, शेकडो गीतं. आणि १९१७ मध्ये, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, मिशनचा पगार सोडून संन्यास! सातारला 'देवाचा दरबार' काढला, बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांसाठी. दोन वर्षांत ते गेले. इथेही समर्पणाचा मोठा क्षण सेवेच्या सुरुवातीला नाही, जवळजवळ शेवटी आहे. आणि घरात त्याची किंमत कुणी मोजली हे बघायचं असेल तर लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचा. नवऱ्याने खिसा देवाला वाहिला की संध्याकाळच्या पिठाची चिंता बायकोकडे येते. लक्ष्मीबाईंनी ते हसत हसत लिहिलंय, म्हणून वाचणाऱ्यानेही हसून सोडून द्यावं असं नाही.

रमाबाई आणि टिळक यांच्यात एक मोठा फरक होता, भाषेचा. टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात आणलं, तुकोबांची वाट धरून. रमाबाई उलट टोकाला. बायबलच्या मराठी भाषांतरातले जुन्या धर्माचा वास येणारे संस्कृत शब्द त्यांना खटकत. म्हणून चाळिशी उलटल्यावर त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत सगळ्या बायबलचं भाषांतर करायला बसल्या. संस्कृतची पंडिता संस्कृत शब्द गाळत बसली आहे! वाङ्मय म्हणून मला टिळकांची वाट अधिक आवडते, हे सांगून टाकतो. पण ज्या विद्येने नाव दिलं, 'सरस्वती' ही पदवी दिली, तीच बाजूला ठेवायची, हे या बाईच्या बाबतीत सगळ्यात महाग समर्पण असणार. पैसा तर तिच्याकडे कधी नव्हताच.

हे काम जवळजवळ शेवटपर्यंत चाललं. कान पूर्ण गेले होते. १९२१ मध्ये मनोरमा गेली, जिच्या हाती मुक्ती सोपवायची होती. बाई मुद्रितं तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या तेव्हा भाषांतर पुरं झालेलं होतं, आणि ते केडगावच्याच छापखान्यात छापलं जात होतं. खिळे जुळवणाऱ्या त्या दुष्काळातून आलेल्या मुली होत्या.